गळ्यातला पिवळा दिवा

चला, आपण एक गल्ली उभी करू. डोळे मिटायची गरज नाही, वाचता वाचताही ती उभी राहील. दोन्ही बाजूंना बैठी घरे, मधोमध सिमेंटचा रस्ता, टोकाला पिठाची गिरणी. गिरणीच्या पायरीवर पिठाचा पातळ थर, आणि त्या थरावर झोपलेली एक कुत्री. मूळची ती राखाडी आहे, पण पिठामुळे पांढुरकी दिसते, म्हणून तिचे नाव भुरी. आता समोरच्या भिंतीच्या सावलीत दुसरी कुत्री ठेवा, काळीभोर. तिचे नाव काजळी. आता शेवटची गोष्ट. या दोघींच्या गळ्यात एकेक रुंद पट्टा घाला आणि प्रत्येक पट्ट्यावर बोराएवढा एक दिवा लावा. भुरीचा दिवा हिरवा. काजळीचा पिवळा.

दिवे लावलेत ना? मग आपण पंधरा-वीस वर्षे पुढे आलो आहोत.

या काळात आपल्या शहराने भटक्या कुत्र्यांसाठी एक निवारा बांधला होता आणि निवाऱ्यात एक यंत्र बसवले होते. त्याचे नाव स्वभावमापक. लोक नुसते मापक म्हणत. कुत्र्याला एका खोलीत नेत. तिथे त्याच्यासमोर अन्नाचे भांडे ठेवत आणि काठीला बसवलेल्या रबरी हाताने ते मध्येच ओढून घेत. मग एक छत्री फटकन उघडत. मग चाकांवरची, लहान मुलाएवढी बाहुली त्याच्या अंगावर सोडत. हे चालू असताना मापक कुत्र्याचे काळीज किती वेगाने धडधडते, दोन ठोक्यांमधले अंतर किती कमी-जास्त होते, डोळ्याची बाहुली किती मोठी होते, श्वासातून भीतीची कोणती रसायने बाहेर पडतात, हे सगळे टिपत असे. लाखो कुत्र्यांच्या अशा नोंदी त्याला आधीच शिकवलेल्या होत्या. त्यांच्याशी ताडून तो एक अंक देई: हे कुत्रे पुढे माणसाला चावण्याची शक्यता किती. अंक कमी असेल तर हिरवा दिवा, आणि कुत्रे आपल्या गल्लीत परत. मधला असेल तर पिवळा दिवा. तेही परत जाई, पण लोकांनी जपून राहायचे. अंक जास्त असेल तर लाल. लाल दिव्याचे कुत्रे कोणी पाहिलेले नव्हते, कारण ते निवाऱ्यातून बाहेर येतच नसे. त्याला तिथेच इंजेक्शन देत.

पट्ट्यात आणखी एक सोय होती. कुत्र्याची धडधड वाढली की दिवा लुकलुकू लागे. लोक वेळीच सावध व्हावेत, हा हेतू. हेतू चांगला होता, हे लक्षात ठेवा. या गोष्टीत वाईट हेतूचा माणूस एकही नाही.

दर चार महिन्यांनी निवाऱ्याची गाडी येऊन गल्लीतली कुत्री नेई आणि फेरतपासणी करून परत सोडी.

या गल्लीत कनक तोडकर नावाची अकरा वर्षांची मुलगी राहत होती. तिचे वडील, उमेश तोडकर, निवाऱ्यात मापक चालवत. आधी ते गुरांच्या दवाखान्यात होते. गाय कुठे दुखतेय हे नुसता हात फिरवून ओळखायचे, असे लोक सांगत. कनकची आई पुण्यात नोकरीला होती, महिन्यातून दोनदा यायची. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक बाप-लेक मिळून करत आणि बोलत. गोष्टीतले पुष्कळसे बोलणे त्या स्वयंपाकघरातलेच आहे.

कनकची लाडकी काजळी. पहिल्या तपासणीच्या वेळी काजळीची पिल्ले नुकती दूध तोडत होती. गाडीवाल्यांनी तिला जाळ्यात उचलले तेव्हा पिल्ले गटाराच्या कडेला कुंई कुंई करत राहिली, आणि ती गाडीत आपटत, ओरडत गेली. त्याच दुपारी रबरी हाताने तिचे भांडे ओढले. तिने रबराचा अंगठा तोडला. मापकाने तो दिवस मोजला आणि तो तिचा स्वभाव म्हणून लिहिला.

"पण त्या दिवशी तिची पिल्लं राहिली होती ना, पप्पा," कनक म्हणायची.

"मशीनला पिल्लं दिसत नाहीत. कुत्रं दिसतं," वडील म्हणायचे. "आणि अंदाज खरा ठरतो गं. वर्षाचे आकडे बघितलेस? हिरव्यांतलं क्वचित एखादं चावतं. पिवळ्यांतली निम्म्याहून जास्त चावली. अजून काय पाहिजे?"

इथे आपण जरा थांबू, कारण या आकड्यांत एक गंमत आहे आणि ती शाळेतल्या गणिताने समजते. समजा शहरात हजार कुत्री आहेत. त्यांत स्वभावानेच चावरी किती असतील? फार थोडी. दहा धरा. मापक दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगतो, असे मानू. ऐकायला किती छान. मग त्या दहा चावऱ्यांपैकी नऊ त्याने बरोबर पकडली. पण उरलेली नऊशे नव्वद गरीब कुत्रीही त्याच्यासमोरून जाणारच. दहातल्या एका वेळी तो चुकतो, म्हणजे त्यांतली नव्व्याण्णव कुत्रीही तो चावरी ठरवणार. आता मोजा. दिवा लागला एकशे आठ कुत्र्यांना आणि त्यांत खरी चावरी नऊ. बारातले एक.

मग वर्षाअखेर निम्मी पिवळी कुत्री चावली कशी? बाकीची चावरी आली कुठून?

कनकला हे गणित येत नव्हते. पण तिला गल्ली दिसत होती. पिवळा दिवा लागल्यावर काजळीला भाकरी मिळेनाशी झाली. पूर्वी प्रत्येक घरातून एक तुकडा तरी पडे. आता बायका दारातून "हाड" म्हणत. मुलांना दिव्याचा खेळ सापडला होता. एक खडा मारायचा, की दिवा लुकलुकतो. दोन मारले की जोरात लुकलुकतो. आणि लुकलुकणारा दिवा पाहून मोठी माणसे काठी घेऊन बाहेर येत. काजळी भिंतीला अंग घासत चालू लागली. हिवाळ्यातल्या फेरतपासणीनंतर वडील पोळी लाटता लाटता म्हणाले, "तुझ्या काजळीचा अंक वर गेलाय. लालच्या अगदी काठावर आहे. पुढच्या खेपेला नाही वाचत ती. तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर रडू नकोस."

कनक रडली नाही. तिने विचारले, "अंक वर का गेला?"

"स्वभाव आहे तिचा. उघडा पडतोय हळूहळू."

कनकच्या वर्गात त्याच आठवड्यात वाल पेरले होते. दोन कुंड्या, माती तीच, पाणी तेवढेच. एक उन्हात, एक कपाटात. सर म्हणाले होते, एकच गोष्ट बदलायची, बाकी काही बदलायचे नाही, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते. कनकने घरी येऊन दोन्ही कुत्र्यांकडे पाहिले. तीच गल्ली, तीच माणसे, तीच भाकरी. एकच गोष्ट बदलायची.

फेरतपासणीहून कुत्री परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी गिरणी बंद होती, गल्ली जेवून आडवी झाली होती. पट्टे उघडायची चुंबकाची किल्ली वडिलांच्या जुडग्यात असे, आणि वडील घोरत होते. कनकने काजळीचा पट्टा काढून भुरीला घातला, भुरीचा काजळीला. भुरीने तिचा हात चाटला आणि पुन्हा झोपली.

हे कसे खपले, असे तुम्ही विचाराल. अख्खी गल्ली भुरीला वर्षानुवर्षे ओळखत होती. कनकलाही तीच भीती होती. संध्याकाळी गिरणीवाल्या इंदूमावशी शटर वर करायला आल्या. पायरीवर भुरी, गळ्यात पिवळा दिवा. मावशी दोन पावले मागे सरल्या.

"अगं बाई. हिलापण आला?"

शेजारच्या दारातून कोणीतरी म्हणाले, "कालच आणून सोडली की. नवा निकाल असंल."

"माझ्या पायरीवर झोपती, माझा तनू तिच्या अंगावर लोळतोय, आणि आत हे असलं." इंदूमावशींनी झाडू उचलला. "ऊठ. ऊठ म्हणते ना."

तनू म्हणजे त्यांचा चार वर्षांचा नातू. त्याची आई, मावशींची लेक, दिवसभर कामावर असे, म्हणून तो गिरणीतच वाढत होता. भुरी उठली, शेपूट हलवत झाडूचा वास घेऊ लागली. तिला वाटले, खेळ आहे. मग झाडू बसला.

कनक दारात उभी होती. आपण एवढी वर्षे बघत आलो ते खरे, की काल गळ्यात घातले ते खरे, असा प्रश्नच त्या बाईला पडला नाही. कनक तेवढ्यावर सांगून टाकू शकली असती. पण समोर काजळीच्या गळ्यात हिरवा दिवा होता आणि एका घरातून तिच्यापुढे भाकरीचा तुकडा पडला होता.

खरा धक्का तिला दुसऱ्या दिवशी बसला. वडील स्कूटर लावत होते. भुरी रोजच्यासारखी पळत त्यांच्याकडे गेली. रोज ते तिचे कान खाजवत. त्या दिवशी त्यांनी पिवळा दिवा पाहिला आणि डब्याची पिशवी दोघांच्या मध्ये धरली.

"हट्. मागे हो."

"पप्पा, भुरी आहे ती."

"दिसतंय मला. पिवळा आलाय तिला."

"तुम्हीच तपासलंत ना तिला? तुम्ही दिला होता पिवळा?"

वडील आठवत उभे राहिले. "दिवसाला इतकी कुत्री येतात, कनू. कुठलं लक्षात राहतंय? तिथं नंबर असतो, नाव नसतं. मशीननं दिला असेल तर काहीतरी असणार तिच्यात. म्हातारी होतेय, चिडकी झाली असेल." मग जरा थांबून म्हणाले, "तूपण लांब राहा."

गाईच्या पाठीवर हात फिरवून दुखणे सांगणारा हा माणूस होता. त्याचा हात आता पिशवीमागे होता.

तापमापी तुम्ही पाहिली आहे. ती काखेत धरली की ताप मोजते. ती ताप चढवत नाही, उतरवतही नाही. म्हणून आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. पण अशी कल्पना करा, की शाळेच्या पहिल्या दिवशी एका यंत्राने वर्गातल्या एका मुलाच्या शर्टावर 'खोडकर' असे ठळक अक्षरात छापले. बाई त्याला मागे बसवतील. कोणाची पेन्सिल हरवली तर त्याचे दप्तर आधी उघडतील. डबा खायला कोणी त्याच्याजवळ बसणार नाही. दिवाळीपर्यंत तो मुलगा कोणाला तरी ढकलेल, आणि सगळे म्हणतील, बघा, यंत्र किती अचूक. असे यंत्र मोजता मोजता घडवत असते. आणि आपण जे घडवले तेच मोजून स्वतःला पूर्ण गुण देते. बारातल्या एकाचे निम्मे कसे झाले, त्याचे उत्तर हे आहे.

कनकच्या डोळ्यांसमोर ते उत्तर रोज थोडे थोडे उलगडत होते. काजळीचा दिवा लुकलुकायचा थांबला. तिच्या अंगावर मांस चढले. कॉलेजला जाणारा एक मुलगा तिला बिस्किट देऊ लागला. एकदा ती चक्क रस्त्याच्या मध्ये पोट वर करून झोपली आणि सायकली तिला वळसा घालून गेल्या. आणि भुरी गिरणीची पायरी सोडून लोखंडी हातगाडीखाली राहायला गेली. तिच्या अंगावरचे पीठ निघून गेले, आता ती राखाडी दिसू लागली. पोरांना काजळीऐवजी ती मिळाली होती.

"ए, लुकलुकली."

"अजून एक हाण. बघ आता. बघ, बघ."

"सोड ना रे, म्हातारी आहे," कनक एकदा म्हणाली.

"तुझ्याच बापानं पिवळा लावलाय, आन आम्हाला काय शिकवती?" पोरे हसली.

भुरीने पहिल्यांदा दात दाखवले त्या संध्याकाळी कनकने किल्ली घ्यायचे ठरवले होते. वडील जेवत होते, जुडगा खुंटीवर होता. पण तिच्या मनात आले, एवढ्याने पप्पांना पटेल का? ते म्हणतील योगायोग आहे. अजून थोडे दिवस, म्हणजे अंक स्पष्ट उलटे होतील. फेरतपासणीला दोघी गेल्या की मशीनच सांगेल, आणि मग कोणालाच नाही म्हणता येणार नाही. प्रयोग करणारी मोठमोठी माणसेही या जागी अडतात. निकाल हवा तसा येऊ लागला की हात थांबत नाही, आणि कुंडीत वाल आहे की जिवंत प्राणी, हा फरक पुसट होतो. कनक अकरा वर्षांची होती. तिला थांबवायला तिच्या प्रयोगाबद्दल कोणाला माहीतच नव्हते.

त्या दिवशी शाळा अर्धाच दिवस होती. पोरांनी सकाळी शाळेला जाताना भुरीच्या बरगडीवर विटेचा तुकडा मारला होता. ती हातगाडीखाली अंग आखडून पडली होती. इंदूमावशी गिऱ्हाइकाचे दळण घालत होत्या. तनू त्यांची नजर चुकवून बाहेर आला. त्याच्या हातात बिस्किट होते. त्याला दिव्यांचे काही कळत नव्हते. त्याला एवढेच कळत होते, की भुरी बरेच दिवस आली नाही. तो हातगाडीखाली रांगत गेला आणि जिथे दुखत होते नेमका तिथे त्याने हात ठेवला.

गिरणीच्या आवाजात त्याची किंकाळी कोणाला ऐकू आली नाही. कनकने शाळेतून येताना पाहिले ते हे, की तनू रस्त्यात बसला आहे आणि त्याच्या गालाचा एक भाग सुटून लोंबतो आहे. भुरी हातगाडीखाली थरथरत होती. दिवा इतक्या वेगाने लुकलुकत होता, की सलग पेटल्यासारखा वाटत होता.

गालाला टाके पडले, डोळा थोडक्यात बचावला. निवाऱ्याची गाडी आली, माणसांनी यंत्र पट्ट्याला लावून नंबर वाचला आणि जाळे टाकले. भुरीने अजिबात झटापट केली नाही.

"पिवळाच होता," इंदूमावशी दवाखान्यातून आल्यावर प्रत्येकाला सांगत होत्या. "मशीन सांगत होतं. आमचंच लक्ष नव्हतं. मशीन काय खोटं बोलतंय होय."

संध्याकाळी वडील घरी आले. त्यांनी हात धुतले आणि ओट्याजवळ तसेच उभे राहिले.

"काजळीच्या पट्ट्याच्या नंबरावर चावा लागलाय," ते म्हणाले. "पण ती तर आत्ता मला दारात दिसली. हिरवा दिवा घालून."

कनकने सगळे सांगितले. वालाच्या कुंड्यांपासून सांगितले. वडिलांनी मध्ये एकदाही तोडले नाही. सांगून झाल्यावर ते खाली बसले.

"म्हणजे त्या दिवशी मी भुरीला हाकललं."

"हो."

"तिचा अंक हिरव्यातला होता. मीच काढला होता."

"हो, पप्पा."

वडिलांनी उठून कुकरखालचा गॅस बंद केला. मग वडील नेहमीच्या, समजावणीच्या आवाजात बोलू लागले. "हे बघ कनू. भुरी आता वाचत नाही. चावलेलं कुत्रं दहा दिवस डांबून ठेवतात, पिसाळलेलं नाही एवढं बघतात, आणि मग संपवतात. तू बोललीस तरी संपवणार, नाही बोललीस तरी संपवणार. बरोबर?"

वडील बोलतच राहिले.

"काजळीचं काय? आज कागदावर काजळीच चावलीय. म्हणजे काजळी संपली, आणि दारातली कुत्री भुरी आहे. हिरवी. तिला आता कोणी हात लावणार नाही. तू बोललीस तर ती परत काजळी. परत पिवळा, परत दगड, पुढच्या खेपेला लाल. तुला ती वाचायला हवी होती ना? वाचली. बोलून एकही कुत्रं वाचत नाही, उलट एक जातं. आणि इंदूमावशींना काय सांगणार आहेस? तुमच्या नातवाचं तोंड माझ्यामुळे फाटलं?"

"पप्पा, शहरात पिवळी किती आहेत?"

वडील ताटे मांडू लागले.

"भुरी चावली ते मशीनच्या खात्यावर कसं लागलं? बरोबर म्हणून का चूक म्हणून?"

"बरोबर म्हणून," वडील हळू आवाजात म्हणाले. "पिवळा दिला होता, चावलं. बरोबर."

"म्हणजे माझ्यामुळे मशीन आणखी खरं झालं."

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी बोलतो साहेबांशी. तू लहान आहेस, यात पडू नकोस. मी बघतो."

दुसऱ्या संध्याकाळी कनकने विचारले, "सांगितलंत?" साहेब रजेवर होते. मग तपासणीला वरून माणसे आली होती, त्यांच्यासमोर विषय कसा काढणार. मग वडील म्हणाले, योग्य वेळ बघायला हवी, आपण कितीतरी लाल कुत्री याच आकड्यांवर संपवलीत, हे एका वाक्यात सांगायची गोष्ट नाही. ते खरे बोलत होते. त्यांना झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हते, आणि रोज सकाळी ते डबा घेऊन मापक चालवायला जात होते. कनकने विचारणे बंद केले. तिला कळले, की तिचे वडील वाईट नाहीत, आणि ते सांगणारही नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे तिला त्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हते.

मग एका संध्याकाळी स्कूटर लावून वडील आत आले आणि भाजी चिरणाऱ्या कनककडे न बघता म्हणाले, "झालं आज. मी जवळ होतो. तिनं माझा हात ओळखला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत गर्दी होती. बायका डबे घेऊन रांगेत होत्या. गिरणीचा पट्टा घुर्र घुर्र फिरत होता. काजळी पायरीवर पसरली होती आणि रांगेतली एक बाई चपलेतला पाय काढून, बोटांनी तिची पाठ खाजवत होती. आत पोत्यावर तनू बसला होता. त्याच्या गालाला पांढरी पट्टी होती आणि त्या बाजूने त्याला हसता येत नव्हते.

कनक रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला.

"दळण कुठंय गं?" इंदूमावशींनी विचारले. "हात हलवत आलीस ती?"

"मावशी, गिरणी जरा बंद करता?"

"का? बापाला काय झालं का?"

"नाही. मला सांगायचंय आणि आवाजात ऐकू येणार नाही."

मावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि खटका खाली केला. पट्टा फिरत फिरत थांबला.

"तनूला चावली ती पिवळी नव्हती," कनक म्हणाली. "भुरी हिरवीच होती. मी पट्टे बदलले. काजळीला वाचवायला बदलले. भुरीला सगळे मारायला लागले ते मी रोज बघत होते, तरी परत बदलले नाहीत, कारण मला निकाल बघायचा होता. भुरी मुळात चावरी नव्हती. पिवळा दिवा लागल्यावर ती तशी झाली. काजळी मुळात चावरी असती तर या पायरीवर अशी झोपली नसती. पिवळी ही आहे."

पायरीजवळच्या बाईने काजळीच्या पाठीवरचा पाय झटकन मागे घेतला आणि चपलेत घातला. काजळीने मान वर करून तिच्याकडे पाहिले. हिरवा दिवा एकदा लुकलुकला.

इंदूमावशी पोत्यावरच्या नातवाकडे बघत होत्या. "मुद्दाम केलंस?" त्यांनी विचारले.

"पट्टे मुद्दाम बदलले."

"आणि मी झाडू मारला तेव्हा तू दारात होतीस."

"हो."

मावशींचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. मग तो हात पिठाने भरलेल्या खटक्यावर गेला. "जा इथनं," त्या म्हणाल्या. गिरणी सुरू झाली. बायका आपापले डबे सरकवू लागल्या, आणि पायरीवरून आत येताना प्रत्येक बाई काजळीला लांबून वळसा घालू लागली.

कनक पायरी उतरली. घर डावीकडे होते. ती उजवीकडे वळली, जिथे ती खडे मारणारी पोरे राहत होती. तिने दाराची कडी वाजवली. आतून कोणीतरी "कोण आहे?" म्हणाले. दार उघडेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.